चांगल्या सवयींची वही

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या एका प्राथमिक शाळेत चांगल्या सवयींच्या वह्या जमा करायचा दिवस होता. नातीची वही मांडीवर घेऊन मुर्सिना रांगेत बसली होती. तिच्या पुढच्या बाकावर दोघी जणी बोलत होत्या.

"रोज त्या वहीत खुणा करायच्या. लवकर उठली, हो. शेजाऱ्यांना मदत केली, हो. खरं बोलली, हो. कोणाला वेळ आहे, विविक?"

"मग?"

"मग काय, काल दुपारी महिनाभराची वही एका बैठकीत भरून टाकली. मध्ये पेनंसुद्धा बदलली, संशय नको म्हणून."

"सगळ्याच भरतात, एन्दांगताई."

"सगळ्यांच्या पोरी गप्प बसतात. माझ्या सेकारनं शेवटच्या पानावर लिहिलं, 'मी खरं सांगते, ही सगळी वही आईनं भरली.'"

"अगं बाई. सर चिडले असतील."

"चिडतात कशाला? अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. प्रामाणिकपणाचा तारा चिकटवला तिच्या शर्टावर."

"बरं झालं की."

"पुढचं ऐक. मग मला बाजूला घेऊन म्हणतात, सोमवारी तपासणीला साहेब येणार, तेवढं पान फाडून नवीन लिहून द्या."

"दिलंस?"

"कुठून देणार? कार्टी वही पोटाशी धरून बसलीय आत. म्हणते, तारा परत घ्या, पान देणार नाही."

मुर्सिनानं मांडीवरची वही चाळली आणि पुढे वाकून विचारलं,

"पोरींनो, काळ्या शाईचं पेन आहे का कोणाकडे? निळ्यानं वीस दिवस झालेत, दहा राहिलेत."