मी व्हॅन चालवते, दवाखाना नाही!

...आणि वर मलाच विचारतात हो, "सुवर्णाताई, याच्या कपाळाला जरा हात लावून बघता का, पाठवू की नको?" आता तुम्हीच सांगा, सकाळचे पावणेसात, मागे अकरा पोरं, अकरा दप्तरं, एकाचा बूट दुसऱ्याच्या मांडीवर, त्यात मी ताप बघत बसू? अहो, मी व्हॅन चालवते, दवाखाना नाही!

नाक गळतंय, पण पोरगं उड्या मारतंय, पोळी खातंय, तर पाठवा ना खुशाल, रुमाल द्या फक्त. पण डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या, आणि त्यावर गॉगल चढवून "जा बाळा, हिरो दिसतोस"... दोन दिवसांत माझ्या गाडीत सात हिरो!

तर तुम्हाला सांगते, मागच्या महिन्यातला मंगळवार. जेल रोडचा हर्षल, दुसरीतला. हे पोरगं म्हणजे रेडिओ! "मावशी, उंट झोपतो कसा? मावशी, तुमच्या हॉर्नला सर्दी झालीय का?" त्या दिवशी त्याच्या आईनं, स्नेहलनं, त्याला उचलून सीटवर ठेवलं आणि एका श्वासात म्हणाली, "रात्री थोडा ताप होता ताई, पहाटे औषध दिलंय, उतरलाय, शंभर टक्के हजेरीचं मेडल आहे हो, दोनच आठवडे राहिलेत..." आणि गेलीसुद्धा! तिची सातपूरची कंपनीची बस असते ना.

बिटको चौक आला, रेडिओ बंद. एक प्रश्न नाही! तेवढ्यात शेजारची निकिता ओरडली, "मावशी, हा गरम लागतोय!" गाडी बाजूला घेतली, मानेला हात लावला... तवा हो, तवा!

स्नेहलला फोन लावला. "शाळेत सोडा ना ताई, तिथे झोपवतात."

"नाही सोडणार! पोरगं मान टाकतंय. मी व्हॅन चालवते, दवाखाना नाही!"

तर ती हळूच, "ताई, या महिन्यातली तिसरी रजा होईल. साहेब म्हणालेत, आता घेतली तर परत येऊच नका..."

माझा आवाजच खाली आला. म्हटलं, "तू ये गं. साहेबांचं नंतर बघू."

गाडी वळवली. मागे दहा पोरांचा जल्लोष, "शाळा बुडाली!" सोसायटीच्या गेटवर स्नेहल रिक्षातून उतरून पळत आली. हर्षलनं अर्धा डोळा उघडला आणि म्हणतो कसा, "मम्मी, मी अजून हजर म्हणालो नाही." रडली हो ती, तिथंच, वॉचमनसमोर.

मग बाकीची वरात घेऊन शाळेत पोचले, तर मॅडम दारातच. "पंचवीस मिनिटं लेट! कारण?" म्हटलं, "ताप." "कुणाला?" म्हटलं, "आत्ता तरी मलाच!"

डॉक्टरांनी स्नेहलला स्पष्ट सांगितलं, औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, पोरगं नीट खायला-खेळायला लागलं, की मगच शाळा. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण नोकरी राहिली. मेडल गेलं दुसऱ्याला. सोमवारी हर्षल गाडीत चढला आणि बसायच्या आत, "मावशी, ताप गेल्यावर कुठे जातो?"

कुठे जातो? बुधवारी मला एकशे दोन!

मी शहाण्यासारखं आयांच्या ग्रुपवर लिहिलं, "मला ताप आहे, मुलांना लागण नको, उद्या व्हॅन बंद." लगेच फुलं, जोडलेले हात, "काळजी घ्या ताई", "योग्य निर्णय ताई"... डोळे भरून आले हो माझे! म्हटलं, चला, शिकल्या एकदाच्या. आणि मग खाली एकीचा मेसेज, त्याला बाकी दहा जणींचे अंगठे...

"पूर्ण आराम करा ताई. फक्त दुपारी आणायला याल ना?"