नीलम्मा मॅडमचा निकाल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय मल्लेशअप्पा, चाकूरहून वेळात वेळ काढून आलेले गटशिक्षणाधिकारी साहेब, व्यासपीठावरचे सर्व संचालक, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या मुख्याध्यापिका सौ. नीलम्मा राजशेखर बिराजदार, त्यांच्या शेजारी नव्या कोऱ्या टोपीत अवघडून बसलेले राजशेखरअप्पा, माझे सहकारी, पालक, माजी विद्यार्थी, आणि मंडपाच्या कडेला बसून भाषणापेक्षा भज्यांच्या वासाकडं जास्त लक्ष असलेल्या माझ्या बालमित्रांनो!

सूत्रसंचालक मघाशी कानात म्हणाले, "वर्षाराणी मॅडम, पाचच मिनिटं बरं का." मराठी शिकवणाऱ्या बाईला पाच मिनिटं! माझी तर प्रस्तावनाच तेवढी असते. पण प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या शिस्तीबद्दल सांगितलं, गणिताबद्दल सांगितलं, दहावीच्या निकालांबद्दल तर आकडेवारीच दिली. ते सगळं खरं आहे. मला मात्र एका वेगळ्याच निकालाबद्दल बोलायचं आहे. तो कुठल्याही बोर्डानं लावला नव्हता. तो आपल्या शाळेच्या लिंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पंधरा-वीस मिनिटांत लागला होता.

दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी आठवतो का? शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पोरं तोंडाला मास्क लावून एकेका बाकावर एकेकटी बसायची. मास्कमुळं कोण बोलतंय ते कळत नव्हतं आणि त्याचा फायदा कोण कोण घेत होतं, ते मी आज सांगत नाही. काही जणांची लग्नं ठरली आहेत. तर अशात निरोप आला की आरोग्य केंद्राचं पथक शाळेत येणार आणि नववी-दहावीच्या सगळ्या मुलांची कोरोना टेस्ट करणार.

झालं! वर्गात जे काही सुरू झालं, ते काय सांगू? काडी नाकातून थेट मेंदूपर्यंत जाते, हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. एका पोरानं तर शपथेवर सांगितलं, "मॅडम, हिमायतनगरच्या माझ्या मामाला काडी घातली, तवापासून मामा बाराचा पाढा इसरला."

नीलम्मा मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आधी येत होता का?"

पोरगा विचारात पडला. "ते न्हाई माहीत."

आमचे विज्ञानाचे गुरुबसप्पा सर समोर बसलेत, त्यांची परवानगी न घेता सांगते. पोरांची भीती जावी म्हणून सरांनी फळ्यावर नाकाची आकृती काढली. नाक, घसा, मेंदू, सगळं. आकृती इतकी झकास आणि काडी इतकी लांब निघाली की तोवर जी चार पोरं निवांत होती, तीही घाबरली. सर, हसू नका, तुमच्या फळ्यामुळं दुसऱ्या दिवशी हजेरी घटली होती!

टेस्टच्या दिवशी सकाळी जीप आली. मंजुषा सिस्टर उतरल्या, पांढरा पोशाख चढवला, निळे हातमोजे घातले. तो पोशाख बघूनच निम्म्या वर्गाचं अवसान गेलं. एक जण म्हणाला, माझ्या नाकाचं हाड वाढलंय. दुसरा म्हणाला, माझा पाय मुरगळलाय. मॅडम म्हणाल्या, "बाळा, पायात घालत नाहीत ती." एकानं घरून येताना नाकात इतकं खोबरेल तेल घातलं होतं की ते मास्कमधून हनुवटीवर आलं होतं. आणि सात-आठ बहाद्दर मागच्या भिंतीवरून उड्या मारून पळाले.

आता भिंतीपलीकडं काय आहे? आपल्या अध्यक्षांचं शेत. फेब्रुवारीत त्यात काय असतं? हरभरा. मल्लेशअप्पांना वाटलं, पोरं हरभरा उपटायला आली. त्यांनी बांधावरून असा काही आवाज दिला की पोरं उलटी फिरली आणि ज्या भिंतीवरून गेली, त्याच भिंतीवरून परत शाळेत आली. अप्पा, संस्थेच्या उभारणीत आपलं योगदान मोठं आहेच. पण त्या दिवशीची उपस्थिती निव्वळ आपल्यामुळं पूर्ण झाली.

पूर्ण म्हणजे, एक कमी. दहावीची ऋतुजा कुठंच नव्हती.

ऋतुजा म्हणजे आमची वक्तृत्वाची पोरगी. तिला भीती हा शब्दच ठाऊक नाही, असं मला वाटायचं. मॅडम आणि मी शोधत निघालो, तर ती नकाशांच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागं गुडघ्यात डोकं घालून बसलेली.

मी म्हटलं, "अगं, एवढीशी काडी, ऋतुजा. तुला काडीची भीती?"

तिनं मान वर केली. डोळे लाल. "काडीला कोण भेतंय मॅडम? मी निकालाला भेते."

आणि मग तिनं सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांना कोरोना झाला होता. ते दवाखान्यातून बरे होऊन आले, पण गल्लीनं त्यांच्या दारासमोर बाभळीच्या फांद्या टाकल्या. बोअरवर हिच्या आईला घागर लावू दिली नाही. हिची जिवाची मैत्रीण हिला बघून दार लावून घ्यायची. "मॅडम, पप्पा आता चांगले हायेत. पण आई अजून बोअरवर सगळ्यात शेवटी जाते. मला दोन दिसांपासून खोकला हाय. माझं आलं तर पुन्हा तेच. मी न्हाई देणार टेस्ट. मला शाळेतून काढा."

'काही होत नाही गं' असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कारण होत होतं. आपण सगळ्यांनी बघितलंय काय होत होतं ते.

मॅडमनी तिच्या समोरचा नकाशा बाजूला केला. मग म्हणाल्या, "बरं. तू नको देऊ. मी देते. तू फक्त बघायला चल."

बाहेर येऊन मॅडम थेट खुर्चीत बसल्या. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आज लेकरांचंच हाय, तुमचं न्हाई." मॅडम म्हणाल्या, "मी काय म्हातारी दिसते का? घाल."

मंडळी, तीस वर्षं ज्या बाईनं या शाळेत 'रडायचं नाही' एवढंच सांगितलं, त्या बाईच्या नाकात काडी गेली आणि तोंडातून निघालं, "अगं आई गं! मेले!" पाठोपाठ अशी शिंक, की लिंबावरचे कावळे उडाले. डोळ्यांतून पाणी, पदर नाकाला. मग पोरं जी हसत सुटली! पोटं धरून हसली. हेडमॅडम रडल्या म्हटल्यावर आपण रडलो तर काय बिघडलं? रांग आपोआप लागली. शेवटून दुसरी ऋतुजा होती. तिनं डोळे घट्ट मिटले, खुर्चीची कड धरली आणि टेस्ट दिली. शिंकलीसुद्धा नाही.

मग निकाल यायला लागले. निगेटिव्ह. निगेटिव्ह. एकेक नाव आलं की पोरं टाळ्या वाजवायची. ऋतुजाचा खोकला साधाच निघाला, निगेटिव्ह. मला वाटलं, झालं, आजचा दिवस गोड झाला.

तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि मॅडमना हळूच म्हणाल्या, "मॅडम, जरा ऑफिसात येता?"

"इथंच सांग."

"न्हाई, आत या ना."

"मंजुषा, लेकरांचं सगळ्यांसमोर सांगितलंस ना? माझंही सांग."

सिस्टरांनी मान खाली घातली. "पॉझिटिव्ह हाय, मॅडम."

टाळ्यांसाठी वर उचललेले हात तसेच राहिले. सगळं पटांगण मॅडमकडं बघून राहिलं होतं. मी त्यांच्या जवळ होते. मॅडमना शुगर आहे, हे आम्हाला माहीत होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळलेलं मला दिसलं. मग त्या उठल्या आणि रोज प्रार्थनेला असतो त्याच आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी मागं सरका. सहा फूट. मला भिऊन नाही, नियम म्हणून. गुरुबसप्पा सर, शाळा सोडा. उद्या सगळ्या शिक्षकांची टेस्ट."

अँब्युलन्स आली. मॅडम स्वतःच्या पायानं चढल्या आणि मंत्र्यांसारखा हात हलवला. मला लांबूनच म्हणाल्या, "वर्षाराणी, दहावीची भूमिती राहिली आहे. आणि घरी यांना चहासुद्धा करता येत नाही."

राजशेखरअप्पा, माफ करा, पण हे सगळ्या पटांगणानं ऐकलं. ऋतुजानंही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू आडवा बांधलेला. दूधवाला येईना. राजशेखरअप्पांची टेस्ट निगेटिव्ह होती, तरी त्यांच्याशी कुणी बोलेना. भुसार दुकानात दिवसभर माणसांच्या गराड्यात असणारा हा गृहस्थ खिडकीत एकटा बसून राहायचा. आम्ही शिक्षकांनी फोन केले. खरं सांगायचं तर फोनच केले.

ऋतुजा मात्र गेली. मास्क लावला, डबा घेतला, बांबूखालून वाकून आत शिरली. आईनं करून दिलेल्या भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी. डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि लांब उभं राहून हाक मारली, "काका, डबा आणलाय!"

समोरच्या घरातून एक गृहस्थ ओरडले. नाव घेत नाही, ते आज पंगतीची व्यवस्था बघताहेत. "ए पोरी, कोणाची गं तू? माघारी फीर! त्यांच्या घरात आलंय!"

ऋतुजा वळली. "काका, माझी टेस्ट निगेटिव्ह हाय. तुमची केली का?"

ते गृहस्थ आत गेले. दार लागलं. संध्याकाळी ते आरोग्य केंद्राच्या रांगेत उभे होते, आणि त्यांच्या मागं आणखी चार घरं. पोरीनं विचारलेला प्रश्न कुणाला चुकवता आला नाही! तिसऱ्या दिवशी बांबू गेला. कुणी सोडला ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. आणि भिंतीवर इतके डबे यायला लागले की अप्पांनी फोन करून विनवलं, "आता पुरे करा, मला एकट्याला एवढं जात नाही."

इकडं कोविड सेंटरमध्ये मॅडमची तब्येत मात्र उतरली. त्यांना लातूरला हलवावं लागलं. ऑक्सिजन लावला. शाळा दोन-तीन दिवसांनी उघडली, पण ती शाळा वाटत नव्हती. मधल्या सुट्टीत कुणी पळत नव्हतं. रोज सकाळी अप्पा मला फोनवर ऑक्सिजनचा आकडा सांगायचे आणि मी वर्गात पाय ठेवायच्या आत पोरं विचारायची, "मॅडम, किती हाय?" एक दिवस बघते तर फळ्यावर सुविचाराच्या जागी कुणीतरी आकडा लिहिलेला: ब्याण्णव. मी पुसला नाही. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव. त्या दिवशी मला धडा वाचता आला नाही. मी पोरांना मुकाट्यानं शुद्धलेखन घातलं. मग त्र्याण्णव. मग पंच्याण्णव. आणि ज्या सकाळी सत्त्याण्णव लिहिला, त्या सकाळी दहावीच्या वर्गानं बाकं अशी वाजवली की गुरुबसप्पा सर धावत आले, त्यांना वाटलं छत पडलं.

मॅडम घरी आल्या. अंगात त्राण नव्हतं, पण चौथ्या दिवशी फोनवरून भूमिती सुरू! आवाज मधेच तुटायचा, धाप लागायची, तरी प्रमेय सोडत नव्हत्या.

ऋतुजाचं पुढं काय झालं? ती सिस्टर झाली, असं मी सांगितलं असतं तर भाषणाला शोभलं असतं. पण ती उदगीरला बी.कॉम. करते, आणि सुई बघितली की आजही डोळे मिटून घेते. तिची आई मात्र आता बोअरवर सगळ्यांच्या मधे उभी राहून गप्पा मारते. मागच्याच आठवड्यात मी बघितलं.

एकदा मी मॅडमना विचारलं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. "मॅडम, त्या दिवशी सिस्टरांनी निकाल सांगितला, तेव्हा तुम्हाला भीती वाटली नाही?"

मॅडम म्हणाल्या, "लई वाटली गं. पण एवढी लेकरं बघून राहिली होती माझ्याकडं. मग भ्यायचं कुठं?"

मॅडम, एवढी वर्षं तुम्हाला भ्यायला जागा मिळाली नाही. उद्यापासून तुमच्याकडं बघणारं पटांगण नसेल. तेव्हा आता हवं तेवढं भ्या, हवं तेव्हा रडा, मोठ्यानं शिंका. शुगर वाढली, दवाखान्यात एकटीनं जावंसं वाटलं नाही, तर फोन करा. मी फोनवर बोलत बसणार नाही, मी येईन.

आपणा सर्वांना दीर्घायुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो. अध्यक्षांनी पाच मिनिटांची इतकी मिनिटं होऊ दिली, आपण सर्वांनी एवढ्या उकाड्यात शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तिथं आलं असेल, तर आज पंगतीत बुंदीबरोबर तेही पोटात घालावं, एवढी विनंती करते आणि बसते.

नमस्कार.