मूव्ह खोडून मी ईव्हॅल लिहिलं

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय जयसिंगरावजी, मंचावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती धम्मदीनाताई, महूहून आलेली त्यांची कन्या मैत्री, आणि गोदामापासून पॅकिंगपर्यंतच्या माझ्या सर्व भिया-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख म्हणून ताईंचं कौतुक करायचं काम माझ्याकडे आलं. भाषण लिहूनही आणलं होतं, पण ते खिशातच राहू द्या. आपल्या या औषध कंपनीत ताईंनी चौतीस वर्षं काढली. आज पाच वाजता त्यांची सर्व्हिस फाइल बंद होईल, आणि त्या फाइलमध्ये एक लेखी ताकीद आहे. ती माझ्यामुळे आहे.

हो, बरोबर ऐकलंत.

सात वर्षांपूर्वी मी इथे प्रोबेशनवर होतो. ताई आरपीजी भाषेत प्रोग्राम लिहायच्या, तेही जुन्या पद्धतीनं, कॉलम मोजून. आम्ही पोरं चिडवायचो, "ताई, ये किस जमाने का कोड है?" त्या म्हणायच्या, "चालतंय ना? मग त्याला छेडू नको."

मी छेडलं! लेबल छापायच्या प्रोग्राममध्ये ताईंचा जुना हुकूम होता, मूव्ह. तो खोडून मी नवा लिहिला, ईव्हॅल. दिसायला एकदम साफ. मनात म्हटलं, क्या फर्क पडता है?

फरक काय पडला, ते गोदामवाल्यांना विचारा. आपला बॅच नंबर आठ अक्षरांचा. पहिली दोन अक्षरं कारखान्याची, पुढे सहा आकडे. मूव्ह ते सहा आकडे उजव्या बाजूला बसवायचा आणि डावीकडच्या दोन अक्षरांना धक्का लावायचा नाही. ताई त्याच भरवशावर होत्या. ईव्हॅलनं आधीचं सगळं पुसलं आणि आकडे डावीकडून लिहिले. कारखान्याची अक्षरं गायब! दोन्ही कारखान्यांचे खोके सारखेच दिसू लागले. ट्रक अर्ध्या रस्त्यातून परत बोलवावे लागले, चार दिवस माल अडकला. पॅकिंगच्या बायांनी एकेक खोका उघडून पुन्हा लेबलं लावली, आठवतंय ना?

तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "हा प्रोग्राम कोणाचा?" सगळ्यांनी ताईंकडे बोट दाखवलं. जुना कोड, वय झालेली बाई, खापर फोडायला आणखी काय लागतं? मी तिथेच उभा होतो, मूग गिळून.

पण आमच्या त्या मशीनवर प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कधी बदलली ती तारीख असते. सगळ्या ओळी वीस वर्षांपूर्वीच्या, आणि एकच ओळ आदल्या आठवड्यातली. ताईंनी ती तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. साहेबांना म्हणाल्या, "प्रोग्राम माझा आहे."

बाहेर जिन्यापाशी मला म्हणाल्या, "तुझं प्रोबेशन चालू आहे, म्हणून मी आज बोलले नाही. पक्का झालास की तू सांग. मी नाही सांगणार."

तीन महिन्यांत मी पक्का झालो. मग म्हटलं, लग्न होऊ दे. मग म्हटलं, प्रमोशन होऊ दे. अन् प्रमोशन खरं कोणाचं? ताईंचं! ताकीद असलेल्या बाईला प्रमुख करता येत नाही, म्हणून ती खुर्ची मला मिळाली. सात वर्षं रोज त्या मला "विक्रांत, चहा घेतलास का?" विचारायच्या. "सांगितलंस का?" असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं, भांडल्या असत्या, तर बरं झालं असतं हो. मला माझी लाज वाटते.

मैत्री, तुझ्या आईच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. हे तुला घरी येऊन सांगायला हवं होतं.

अध्यक्षमहोदय, माझा लेखी कबुलीजबाब आपल्या टेबलावर आहे. खुर्ची काढून घ्यायची तर घ्या. ताई, तुम्ही तिकडून मान हलवून "नको, नको" करताय, मला दिसतंय. इतकी वर्षं मी तुमच्या त्या चांगुलपणामागे लपलो. आज तुमचं ऐकणार नाही.

आनंदाच्या कार्यक्रमात हे सगळं काढलं, तरी आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. ती चूक मात्र कोणी पोटात घालू नका. जयसिंगरावजी, पाच वाजायच्या आत ती ताकीद ताईंच्या फाइलमधून काढा आणि माझ्या फाइलला लावा.