बाबांची बस हँग होत नाही

अरे, रॅमची पट्टी सैल झालीय हे कळायला मला इतका वेळ लागला, तो आमच्या बाबांमुळे!

माझा गेमिंगचा कॉम्प्युटर मध्येच हँग व्हायचा. बाबा जन्मभर बस चालवून रिटायर झालेत आणि दुपारी त्याच कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम खेळतात. म्हणून विचारलं, "बाबा, तुम्ही खेळताना हँग होतो का हो?"

"छे! एकदाही नाही."

म्हणजे गडबड माझ्याच गेममध्ये, असं समजून मी तो उडवून पुन्हा टाकला. विंडोजही नव्याने टाकलं. तरी तेच.

परवा सुट्टी होती म्हणून दुपारी घरीच होतो. बघतो तर स्क्रीनवर बस थांबलेली, पुढच्या गाड्या थांबलेल्या आणि बाबा गेमच्या स्टिअरिंगवर हात ठेवून निवांत बसलेले.

"बाबा, हँग झालाय हा!"

"हँग कसला? ट्रॅफिक आहे. घोडबंदरला याहून जास्त थांबलोय मी."

"अहो, वर तो कावळा बघा! उडता उडता हवेतच थांबलाय!"

बाबांनी चष्मा सारखा करून कावळ्याकडे नीट पाहिलं.

"मग त्याच्याही पुढे कोणीतरी असेल ना!"