सगळ्या मशीनवर बाबा

तुम्ही हसाल, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाबा मला अजून विचारतात, जेवलास का.

घरी, ऑफिसात आणि पुण्याला बाबांकडे, माझी सगळी मशीन लिनक्सवर. सेटिंगच्या फाइली एकत्र ठेवलेल्या, एकीकडे बदललं की सगळीकडे बदलतं. बाबा रिटायर झाल्यावर हे शिकले आणि गुपचूप त्यात एक ओळ टाकून बसले. इकडे आखातात, अस्करच्या ऑफिसात, मी साहेबांसमोर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, तर पहिलीच ओळ मराठीत: 'जेवलास का?'

साहेब केरळचे. म्हणाले, "ये कौनसा एरर है?"

"एरर नहीं सर, फादर है."

बाबांना फोनवर म्हटलं, काढा ती ओळ. तर म्हणाले, "तू दुपारी फोन उचलत नाहीस. मग विचारायचं कुठे?"

बाबा गेले तेव्हा रजा साहेबांनीच दिली. परत आलो, पण ती ओळ काही काढवली नाही.

परवा लेकीला शाळेसाठी लॅपटॉप घेतला, त्यावरही त्याच फाइली टाकल्या. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

"बाबा, हू इज आस्किंग?"

"आजोबा," मी म्हटलं. ती लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात टर्मिनल उघडलं, साहेब शेजारीच. बाबांच्या ओळीखाली इंग्रजीत नवी ओळ: 'येस, आजोबा. बट बाबा स्किप्स लंच.'

ही मात्र साहेबांना वाचता आली. त्यांनी माझा लॅपटॉप हळूच मिटला.

"यल्ला, चलो, पहले खाना खाके आओ. फादर पूछ रहा है."