आधी विंचरून दाखवा

हसू नका हं, पण मी सध्या एका मांजरीवर जळतेय. झालं काय, पर्शियनचं पिल्लू घ्यायला आम्ही दोघं भाईंदर पूर्वेला एका बाईंकडे गेलो. त्यांचा नियमच होता, आधी विंचरून दाखवायचं, मगच पिल्लू मिळणार. मी कंगवा लावला तर त्या पिल्लाने मला बोचकारलं. आमच्या ह्यांनी मात्र तिला मांडीवर घेऊन एकेक गुंता सोडवला. वर विचारतायत, "दुखतंय का गं, राणी?" लग्नाला अठरा वर्षं झाली, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला!

बाई खूश. म्हणाल्या, "घरी आधीचं मांजर आहे का? नवीन आलं की जुनं जळतं."

मी म्हटलं, "आहे ना एक. अठरा वर्षं घरात आहे, पण तिला अजून एकदाही कुणी विंचरलेलं नाही."