फोटो पोचले, टिपा नाही

माझी मावसबहीण शैलाताई, ती बेलापूरची जनावरांची डॉक्टर, तिचं काय झालं सांगतो. तिच्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कोणत्या गायीला कोणतं औषध सोसत नाही, ही टीप तो त्या गायीच्या फोटोच्या फाइलीला चिकटवायचा. असल्या टिपेला एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट म्हणतात. ती फोटोत दिसत नाही, पण फाइलीबरोबर राहते. निदान मला तसं वाटायचं.

मी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घालून दिले आणि ताई तिसगावला गुरांना टोचायच्या शिबिराला गेली. तिथून फोन आला. "अरे, फोटो आहेत, पण टीप एकीचीही नाही."

माझ्या लॅपटॉपवर तर सगळ्या टिपा जागच्या जागी होत्या.

फोनवर तिच्या मागून कोणी तरी विचारत होतं, "म्याडम, टोचायचं का न्हाई? गाई उन्हात हायत."

"थांबा जरा," ताई म्हणाली. "चुकीचं औषध गेलं तर गाय हातची जाईल."

बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, त्या पेन ड्राइव्हवर फाइली ज्या पद्धतीनं ठेवल्या जातात, तिच्यात असल्या टिपांना जागाच नसते. कॉपी करताना त्या गळून पडल्या आणि कॉम्प्युटरनं चकार शब्द काढला नाही. मग मी एकेका गायीची टीप फोनवर वाचून दाखवली, तेव्हा कुठं काम सुरू झालं.

संध्याकाळी ताईनं विचारलं, "प्रोग्रॅम चुकला का?"

"नाही."

"पेन ड्राइव्ह बिघडलाय?"

"तोही चांगला आहे."

"मग तू चुकलास?"

"असेल. पण नेमकं कुठं, ते कळत नाही."

ती म्हणाली, "पुढच्या शिबिराला तूच ये. रागवायला कोणी तरी समोर पाहिजे."